श्वासाचे यंत्र फडताळात नको, उशाशी हवे



गेली तीस वर्षे विस्तार अधिकारी म्हणून मी तुमच्या बांधावर येत आहे. माती तपासून घ्या, बियाण्याला प्रक्रिया करा, ठिबकचा फिल्टर वेळेवर धुवा, असे सांगत आलो. आज मात्र पिकाविषयी नव्हे, झोपेविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आणि त्याही अधिकारी म्हणून नव्हे, एक रोगी म्हणून.

माझे घोरणे हा आमच्या घरी चेष्टेचा विषय होता. "बाबा झोपले, गिरणी सुरू झाली," असे मुले म्हणत. घोरतो तो गाढ झोपतो, अशी आपल्याकडे समजूत. माझीही तीच होती. सौ. मात्र या चेष्टेत कधी हसली नाही. घोरता घोरता मी एकदम गप्प होत असे. छाती हले, पण श्वास आत जात नसे. मग मोठा हिसका बसून घोरणे पुन्हा सुरू होई. त्या गप्प क्षणांत ती अंथरुणात उठून बसे आणि श्वास परत येईपर्यंत मनात आकडे मोजी. कित्येक वर्षे तिने हे मला सांगितले नव्हते.

दिवसा माझी तऱ्हा निराळीच. सकाळी डोके जड, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असूनही दाब चढलेला. एकदा हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी मीच सभा बोलावली आणि खुर्चीत बसल्या बसल्या मलाच डुलकी लागली. पुढच्याच आठवड्यात मोटारसायकलवर डोळा लागून मी गाडीसह रस्त्याकडेच्या चारीत गेलो. समोरून कोणी येत नव्हते म्हणून बरे. गावात कुजबूज झाली, "साहेब हल्ली घेतात वाटते." मी तर सुपारीलाही शिवत नाही!

तेव्हा सौ.ने तोंड उघडले आणि मला डॉक्टरांकडे नेले. झोपेची तपासणी झाली. डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा लावून एक रात्र झोपावयाचे. हल्ली काही रोग्यांची ही तपासणी घरीही करता येते. माझा अहवाल आला: तासाला ३८ वेळा श्वास अडतो. हा आकडा ५ च्या आत असला तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र रोग समजतात. रोगाचे नाव स्लीप ॲप्निया.

हा रोग आहे तरी काय?

आपला लपेटा पाईप डोळ्यांसमोर आणा. मोटार बंद असली की तो चपटा पडून राहतो. पाण्याचा दाब आला की गोल फुगून उघडतो. आपल्या घशाची नळीही मऊ आहे. जागेपणी स्नायू ती उघडी धरतात. झोपेत स्नायू सैल पडतात, आणि काही जणांची नळी चपटी होऊन मिटते. श्वास दहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ अडतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू घाबरून शरीराला अर्धवट जागे करतो. असे रात्रभर चालते. आठ तास अंथरुणात काढूनही माणूस थकलेलाच उठतो.

प्रत्येक घोरणारा रोगी नसतो. परंतु घोरताना श्वास थांबत असेल, गुदमरून जाग येत असेल, दिवसा बसल्या जागी झोप लागत असेल, तर तपासणी टाळू नये. जाड मानेच्या, वजनदार माणसांत हा रोग अधिक. पण जबड्याच्या ठेवणीमुळे सडपातळ माणसालाही होतो. भगिनींनो, मासिक पाळी गेल्यानंतर तुमच्यातही त्याचे प्रमाण वाढते. सततचा थकवा आणि मोडकी झोप ही 'कामाची दगदग' म्हणून सोडून देऊ नका. उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. ट्रॅक्टरवर किंवा मळणी यंत्रापाशी लागलेली एक डुलकी काय करील, हे तुम्हांला मी सांगावयास नको.

यंत्र काय करते?

डॉक्टरांनी मला सीपॅप यंत्र लिहून दिले. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये हा उपचार प्रथम केला आणि १९८१ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तोपर्यंत तीव्र रोग्याच्या गळ्याला भोक पाडून श्वासाला वाट करून देत असत. त्यामानाने हा उपाय किती सोपा! पंखा खोलीतलीच हवा ओढतो, गाळतो आणि नळी व मास्कमधून थोड्या दाबाने घशात सोडतो. त्या दाबाने घशाची नळी उघडी राहते.

हा दाब साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. माझा १० सेंटिमीटर आहे. ठिबकला आपण एक किलो दाब धरतो. त्याचा हा शंभरावा भाग. तेव्हा 'हवेने छाती फुटेल' ही भीती नको. शिवाय हा ऑक्सिजनही नव्हे. यंत्र घरी आले तेव्हा 'साहेबांना ऑक्सिजन लावला' म्हणून निम्मे गाव भेटायला आले होते!

दिव्याखाली अंधार

पहिल्या रात्री मास्क चढवला आणि अर्ध्या तासात ओढून काढला. जीव कोंडल्यासारखा झाला. दुसऱ्या रात्री नाक कोरडे पडले, तिसऱ्या रात्री कडेने हवा सुटून डोळ्यांवर येऊ लागली. चौथ्या दिवशी चाळीस हजारांचे यंत्र फडताळात गेले. सौ. पुन्हा आकडे मोजू लागली.

बारा दिवसांनी एका बागाईतदाराच्या शेतावर गेलो. त्यांचा ठिबक संच शेडमध्ये गुंडाळून पडला होता. नळ्या चोंदल्या म्हणून त्यांनी पुन्हा पाटाने पाणी सुरू केले होते. मी नेहमीप्रमाणे रागावलो, "अहो, आठ दिवसांत कंटाळून कसे चालेल? फिल्टर धुवा, दाब तपासा, सवय लावा." ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचं श्वासाचं यंत्र कसं चाललंय?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन यंत्र फडताळातून काढले.

सवय कशी लावावी?

नवा गोऱ्हा आपण पहिल्याच दिवशी दिवसभर औताला जुंपत नाही. तसेच येथे करावे.

पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी जागेपणी मास्क, यंत्र न जोडता, नुसता तोंडाशी धरावा. मग पट्टे लावून यंत्र सुरू करावे आणि बातम्या पाहत किंवा भजन ऐकत पंधरा-वीस मिनिटे बसावे. तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यावा. त्यानंतर दुपारी आडवे पडून वापरावे आणि मग रात्री. बहुतेक यंत्रांत कमी दाबाने सुरू होऊन हळूहळू दाब वाढविण्याची सोय असते. ती डॉक्टरांकडून लावून घ्यावी. रात्री झोपेत मास्क निघाला तर निराश होऊ नये; जाग येईल तेव्हा पुन्हा चढवावा. निदान चार तास, आणि दहांपैकी सात रात्री, हा वापराचा किमान हिशेब डॉक्टर पाहतात. खरा फायदा मात्र झोपेचा सगळा वेळ वापरण्यात आहे.

अडचणी आणि उपाय

मास्क योग्य मापाचा हवा. हवा सुटते म्हणून पट्टे करकचून आवळू नयेत. जू नीट बसले नाही तर बैलाचा खांदा सुजतो, तशी नाकावर जखम होते. यंत्र सुरू करून, आडवे पडून मगच पट्टे जुळवावेत. दाट मिशांमुळेही हवा सुटते. मिशा काढावयास मी तयार नव्हतो, तेव्हा नाकपुड्यांना टेकणारा लहान मास्क घेतला. ज्यांचे तोंड झोपेत उघडे राहते, त्यांना नाक-तोंड झाकणारा मास्क लागू शकतो.

नाक-घसा कोरडा पडत असल्यास यंत्राला जोडावयाची पाण्याची डबी मिळते. तिने हवा दमट होते. नाक चोंदणे, पोटात हवा भरणे असे त्रास होत असतील तर डॉक्टरांना सांगावे. दाब मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. औषधाची मात्रा वाढविल्याने कीड जास्त मरत नाही, पीक करपते, हे आपण जाणतोच.

खेड्यातील घरांसाठी विशेष काळजी

यंत्र खोलीतली हवा ओढते. म्हणून त्या खोलीत कीटकनाशकाच्या बाटल्या, फवारणी पंप, धान्यात घालावयाची औषधे मुळीच ठेवू नयेत. चुलीचा धूर व मळणीचा भुसा यांपासून यंत्र दूर असावे. आपल्याकडे धूळ फार. हवेचा फिल्टर वारंवार पाहावा व सांगितल्याप्रमाणे धुवावा किंवा बदलावा.

डबीत बोअरचे पाणी घालू नये, क्षार साचतात. बॅटरीचे पाणीही नको. औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणावे आणि उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्यावे. मास्कची कड रोज, तर नळी व डबी आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी.

वीज गेली तर गुदमरू, ही मोठी भीती. मास्कला श्वास बाहेर जाण्याची भोके असतात, तोंड झाकणाऱ्या मास्कला तर सुरक्षेची झडपही असते. शिवाय जाग येऊन मास्क काढता येतोच. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर यंत्र चालते, पण त्या वेळी पाणी तापविणे बंद ठेवावे, म्हणजे बॅटरी जास्त पुरते. रात्रपाळीचे पाणी देऊन सकाळी झोपणार असाल, तर त्या झोपेतही मास्क लावावा.

यंत्र चष्म्यासारखे आहे. लावले तरच उपयोग, आणि त्याने रोग मुळासकट जात नाही. वजन उतरविणे, कुशीवर झोपणे, दारू व मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळणे, ही जोड हवीच.

मला पहिल्या महिन्यात सरासरी तीन तास जमले, तिसऱ्या महिन्यात सहा. आता यंत्रावरील श्वास अडण्याचा आकडा ५ च्या आत असतो. सकाळी डोके हलके असते, आणि सभेत डुलकी लागलीच तर ती श्रोत्यांना लागते!

मध्यंतरी पहाटे मला जाग आली. यंत्राचा बारीक आवाज चालू होता. शेजारी सौ. गाढ झोपली होती. इतक्या वर्षांत तिला अशी झोपलेली मी पाहिलीच नव्हती. कारण मी झोपलो की ती जागी असे.

तुमच्या घरातही कोणी असे रात्री उठून आकडे मोजत असेल. आज त्या माणसाला एकदा विचारा. आणि यंत्र आधीच आणले असेल, तर आज संध्याकाळी ते फडताळातून काढा.

जाता जाता एवढे सांगतो, त्या बागाईतदारांचा ठिबक संचही पुन्हा रानात आला आहे. आता आम्ही दोघे भेटलो की आधी एकमेकांना फिल्टर धुतला का, ते विचारतो.