द्राक्षारिष्ट आणि फ्रान्सचे ‘पिनो’ : मद्य उपजलेले की मिसळलेले?

गतवर्षी हरिहरेश्वरी काळभैरवाच्या दर्शनास आलेले एक कुटुंब आमच्या चिकित्सालयात आले. सोबतच्या वयोवृद्ध गृहस्थांना जुना मधुमेह, त्यात प्रवासाने अग्निमांद्य झालेले. फ्रान्सहून आलेल्या मुलाने ‘पिनो दे शारांत’ची बाटली भेट दिली होती. “जेवणापूर्वी रोज पेलाभर घेतो. हे तिकडचे द्राक्षारिष्टच ना, वैद्यराज?” गृहस्थांनी विचारले. हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणासही विचारला जाईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पिनो हे कोन्याक प्रदेशातील पेय. १५८९ साली एका बागाइतदाराने ब्रँडी असलेल्या पिंपात चुकून द्राक्षरस ओतला आणि त्यातून हे पेय जन्मले, अशी तेथील आख्यायिका आहे. आजही ताज्या द्राक्षरसात कोन्याक ब्रँडी मिसळतात. तीव्र मद्यार्कामुळे किण्व निष्क्रिय होते, संधान थांबते आणि रसातील साखर तशीच राहते. म्हणूनच ते गोड लागते. मद्यार्क १६ ते २२ टक्के असतो. भूक चाळविण्यासाठी ते भोजनापूर्वी थंड करून घेतात.

आपली वाट येथेच वेगळी होते. शार्ङ्गधरांनी अपक्व औषध व जल यांपासून होणारे ते आसव आणि क्वाथापासून होणारे ते अरिष्ट, असा भेद केला आहे. द्राक्षारिष्टात मनुकांचा क्वाथ, गूळ आणि त्वक्, एला, मरिच, पिप्पली, विडंगादी प्रक्षेप यांचे संधान होते. त्यातील मद्य तेथेच उपजते. तेच औषधद्रव्यांचे गुण काढून घेते व टिकवितेही. औषध नियमावलीनेही या स्वयंजनित मद्याची सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के ठरविली आहे.

मात्रेचा हिशेबही पाहू. १७ टक्क्यांच्या पिनोच्या ६० मिलि पेल्यात सुमारे १० मिलि शुद्ध मद्यार्क जातो. ८ टक्क्यांच्या द्राक्षारिष्टाच्या २० मिलि मात्रेत तो जेमतेम १.६ मिलि असतो. शिवाय अरिष्ट बहुधा भोजनोत्तर, समभाग पाण्यासह देतात. एक आवडीचे पेय, दुसरे मोजून देण्याचे औषध.

तथापि, आपल्या बाटलीविषयीही गाफील राहता कामा नये. द्राक्षारिष्टातही गूळ आहे. मधुमेही, यकृद्विकारी, गर्भिणी व व्यसनमुक्त रुग्णांस ते विचारपूर्वकच द्यावे. रुग्णाची चालू आधुनिक औषधे विचारून घ्यावीत. संधान पूर्ण झाल्याची लक्षणे, म्हणजे बुडबुड्यांचा आवाज थांबणे, कल्क तळाशी बसणे व पात्रातील जळती काडी न विझणे, पाहिल्याशिवाय रसायनशाळेने बाटली भरू नये. अरिष्ट टिकावे म्हणून बाहेरून मद्यार्क घालणे तर सर्वथा त्याज्य; तसे केले की आपण औषध नव्हे, पिनोच विकू लागलो. औषधालयातही ‘टॉनिक’ म्हणून मागेल त्याला अरिष्ट देऊ नये.

त्या गृहस्थांना आम्ही पेला बंद करावयास सांगितले. रक्तदाब पाहून भोजनापूर्वी आल्याचा तुकडा किंचित सैंधवासह चावून खाण्यास दिला. आपल्या शास्त्रातील हा क्षुधावर्धक उपाय स्वस्त आहे आणि त्यास बाटलीही लागत नाही.