विश्लेषण : पृथ्वीच्या पोटात कुणी गेलं नाही, मग आत काय आहे हे कळलं कसं?

जमिनीपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर आहे सुमारे ६,३७१ किलोमीटर. माणसाने खणलेलं सर्वांत खोल विवर रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे आणि त्याची खोली १२ किलोमीटरहून थोडीच जास्त आहे. भूकंपांच्या अभ्यासासाठी आपल्या कोयना परिसरात घेतलेलं विवर ३ किलोमीटरचं. थोडक्यात, पृथ्वी कांद्यासारखी मानली तर पहिला पापुद्राही आपण ओलांडलेला नाही. तरीही कवच, प्रावरण आणि गाभा अशी आकृती शाळेच्या पुस्तकात असते. ही माहिती मिळाली ती मुख्यतः भूकंपांमुळे.

पी आणि एस लहरी म्हणजे काय?

भूकंप झाला की पृथ्वीच्या आत दोन प्रकारच्या लहरी पसरतात. पी लहरी सर्वांत वेगवान. त्या खडकाला पुढे-मागे दाबत, ताणत जातात आणि घन व द्रव दोन्हींतून प्रवास करतात. मागून येणाऱ्या एस लहरी खडकाला आडवं हलवतात. द्रवपदार्थ असा आडवा ताण पेलू शकत नाही, त्यामुळे एस लहरी त्यातून जात नाहीत.

आतला पदार्थ बदलला की लहरींचा वेग आणि दिशाही बदलते. कोणती लहर कुठे, किती वेळात पोहोचली, याच्या नोंदींवरून वाटेत काय होतं ते ठरवता येतं. सोनोग्राफीत ध्वनिलहरींवरून पोटातलं चित्र मिळतं, तसंच काहीसं.

गाभा कसा सापडला?

या शोधाचा धागा भारतापर्यंत येतो. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सखोल अभ्यास केला आणि दूरवरच्या यंत्रांच्या नोंदींत पी व एस लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये त्यांनी दाखवलं, की खूप खोलवरून जाणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात. म्हणजे मध्यभागी वेगळ्या पदार्थाचा गाभा असणार. तो सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो, हे पुढे बेनो गुटेनबर्ग यांनी काढलं.

भूकंपकेंद्रापासून साधारण ११,५०० किलोमीटरच्या पलीकडे थेट एस लहरी पोहोचतच नाहीत. या पुराव्याला इतर गणितांची जोड देत हॅरोल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये गाभा द्रवरूप असल्याचं मांडलं.

मग आतला घन गोळा?

गाभ्यात वळल्यामुळे पी लहरीही एका पट्ट्यात पोहोचायला नकोत. पण १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपानंतर तिथेही क्षीण लहरी नोंदल्या गेल्या. डेन्मार्कच्या इंगे लेमन यांनी या विसंगतीचा पाठपुरावा केला. संगणक नव्हता, कार्डांवर केलेल्या नोंदी आणि हाताने केलेलं गणित यावरच सगळी भिस्त होती. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गोळा आहे आणि लहरी त्यावरून वळतात, असा निष्कर्ष त्यांनी १९३६ मध्ये मांडला. सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीवर सुरू होणारा हा अंतर्गाभा घन असल्याचं नंतर स्पष्ट झालं.

याचा आपल्याशी काय संबंध?

बाह्य गाभ्यातल्या द्रवरूप लोखंडाच्या हालचालींमुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र टिकून आहे. तुमच्या फोनमधलं होकायंत्र त्यावरच चालतं.

दुसरा संबंध जिवाशी आहे. पी लहर आधी येते आणि जास्त हादरे देणाऱ्या लहरी नंतर. या फरकाचा उपयोग भूकंपाच्या पूर्वसूचनेसाठी होतो. गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात अँड्रॉइड फोनवर अशी सूचना सुरू केली. त्यात फोनमधला सेन्सरच छोट्या भूकंपमापकाचं काम करतो.

मात्र हे भाकीत नव्हे. भूकंप सुरू झाल्यावरच सूचना निघते. दूरच्यांना काही सेकंद मिळू शकतात; केंद्राच्या अगदी जवळ असलेल्यांना कदाचित तेही नाही. तिथे उपयोगी पडते ती भक्कम इमारतच.