विलायती मासा, घरचे तेल

इंग्रजाला स्वयंपाक येत नाही, हा आपल्याकडचा जुना लाडका समज आहे. त्याच्या उकडलेल्या कोबीपुरता तो मलाही मान्य आहे. पण पिठात बुडवून तळलेला मासा आणि जोडीला बटाट्याचे बोटभर जाड तळलेले तुकडे, म्हणजे त्याचे ‘फिश अँड चिप्स’, समोर आले की हा समज थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. (या चिप्स म्हणजे आपले वेफर्स नव्हेत. वेफर्सना इंग्लंडात क्रिस्प्स म्हणतात.)

खरे तर हा घरी करण्याचा पदार्थच नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापुढे रांग लावायची, कागदात गुंडाळलेले गरम पुडके काखोटीला मारायचे आणि घर गाठायचे, ही तिथली रीत. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची ख्रिस्ती चाल मागे पडली, तरी माशाचा वार टिकून आहे. मग मी हा खटाटोप घरी का करते? कारण आम्ही राहतो लीड्सला, आणि यॉर्कशर परगण्यातल्या पुष्कळ दुकानांत तळणीला तेल नसते, गाईबैलाची चरबी असते. तिला ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणतात. दुकानदार ते लपवीत नाहीत. उलट अभिमानाने पाटीवर लिहितात. तिच्यामुळेच खरा खमंगपणा येतो, असे त्यांचे म्हणणे. पण बटाटेही त्याच चरबीत तळलेले, तेव्हा नुसत्या चिप्स घेऊन भागवावे म्हटले तरी सोय नाही. आम्ही मालवणकडची माणसे. माशाला आमची ना नाही, पण गाय चालत नाही. शेजारची मुले आईबापांचे बोट धरून रांगेत उभी, आणि आमची दोघे खिडकीशी. “आई, आपण का नाही?” या प्रश्नाला नियम सांगून उत्तर होते, समाधान होत नाही. म्हणून कढई चढवली.

पुढे वाचनात आले ते मोठे गमतीचे निघाले. चरबीचा आग्रह धरणाऱ्या या पदार्थाचा उगमच मुळी चरबी न चालणाऱ्यांच्या घरातला! स्पेनमधून १४९२ साली ज्यूंना हाकलले. पोर्तुगालात १४९७ साली त्यांना बळाने बाटवले. त्यांतले काही पुढे इंग्लंडात आले, आणि १६५६ पासून तिथे त्यांना उघडपणे राहता येऊ लागले. डुकराची चरबी त्यांना निषिद्ध, म्हणून मासे तेलात तळायचे. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी तळून दुसऱ्या दिवशी गार खायचे. अलेक्सिस सोयर या नामांकित आचाऱ्याने १८५४ साली गरिबांसाठी लिहिलेल्या पाकपुस्तकात ‘ज्यू पद्धतीचे तळलेले मासे’ दिले आहेत. बटाट्याशी त्यांची गाठ दुकानात पडली ती १८६० च्या सुमारास. लंडनच्या जोसेफ मॅलिनकडे, की लँकेशरातल्या मॉस्लीच्या जॉन लीसकडे, यावर उत्तर-दक्षिणेचे भांडण चालूच आहे. आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच. तेव्हा त्या देशाचे ऋण आपल्यावर आहे तसे या ताटावरही आहे. आणि दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ साऱ्या अन्नावर रेशन असताना सरकारने हे ताट मोकळे ठेवले, यावरून त्याची किंमत कळते.

आता कृतीकडे वळू. चौघांसाठी मी हॅडॉकचे चार काप घेते, प्रत्येकी पावणेदोनशे ग्रॅमचा. दक्षिणेत कॉड, यॉर्कशरात हॅडॉक. अख्खा हॅडॉक पाहिलात तर खांद्याशी काळा ठिपका दिसेल. संत पीटरच्या अंगठ्याचा तो ठसा, असे तिथले भाविक सांगतात. मासा फडक्याने अगदी कोरडा टिपायचा आणि मीठ लावून पाव तास ठेवायचा. हळद नाही, तिखट नाही. इथे हात शिवशिवतो, पण आवरावा.

दीडशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम तांदळाचे पीठ (हे माझे कोकणी पदर), दोन चमचे बेकिंग पावडर, मीठ आणि बर्फासारखे थंड सोडावॉटर. इंग्रज इथे बिअर ओततो; काम बुडबुड्यांचे आहे, ते सोड्यानेही होते. पीठ भज्यांहून पातळ, घावनाहून दाट हवे. ते अगदी आयत्या वेळी कालवायचे आणि घोटायचे नाही; घोटले की मैद्याला चिवटपणा येतो. या पिठाच्या कवचाचे खरे काम चवीचे नाहीच. ते म्हणजे झाकण! बाहेर कवच तळले जाते आणि आत मासा स्वतःच्याच वाफेवर शिजतो. म्हणून तर त्याच्या पाकळ्या रसरशीत सुटतात.

बटाटे आधी. किलोभर बटाट्यांचे दीड सेंटिमीटर जाडीचे तुकडे करून पाणी नितळ होईस्तोवर धुवावेत व पुसून खडखडीत करावेत. पहिली तळणी १४० अंशांवर, पाचसहा मिनिटे. रंग येऊ द्यायचा नाही, नुसते मऊ करायचे. मग पसरून गार करायचे, म्हणजे आतली वाफ निघून जाते. दुसरी तळणी १९० अंशांवर, दोनतीन मिनिटे. या दोन तळण्यांच्या मधे मासा, १८० अंशांवर, सहाएक मिनिटे. कोरड्या पिठात घोळवून मग पातळ पिठात बुडवायचा, शेपटीकडून धरून आपल्यापासून लांब असा हळूच सोडायचा, आणि क्षणभर तसाच धरायचा, म्हणजे तळाला चिकटत नाही. नंतर कागदावर नव्हे, जाळीवर काढायचा. कागदावर तो आपल्याच वाफेने मऊ पडतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. कढई तेलाने तिसरा हिस्साच भरावी आणि तिच्यापासून हलू नये, दाराची घंटा वाजली तरी. घरोघरीच्या चिप्सच्या कढयांनी ब्रिटनमध्ये इतक्या आगी लावल्या, की १९७० नंतरच्या दशकात सरकारने त्यावर चित्रफिती काढून दाखवल्या. पेटत्या तेलावर पाणी ओतले की ते तळाशी जाऊन एकदम वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडवते. म्हणून पाणी नाही, कढई हलवणे नाही. जमल्यास गॅस बंद करावा, सगळ्यांना घराबाहेर काढावे आणि अग्निशामक दलाला बोलवावे.

सोबत वाळवलेले मोठे वाटाणे रात्री सोड्यात भिजवून, शिजवून, घोटून. याला ते मशी पीज म्हणतात. मी याला बिघडलेली उसळ म्हणते आणि आवडीने खाते. वरून मीठ आणि तपकिरी माल्ट व्हिनेगर.

सासूबाई मालवणहून आल्या होत्या तेव्हा हा बेत केला. त्यांनी माशाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“अगं, तिखट लावायला विसरलीस का?”

“नाही आई, हा असाच असतो. हे आंबट घाला वर.”

त्यांनी व्हिनेगर हुंगले, आगळाची आठवण काढली आणि पहिला घास घेतला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मासा ताजा आहे म्हणून बरं. नाहीतर यात लपवायला काहीच नाही.” आणि कढईत उरलेल्या कुरकुरीत पिठाच्या कण्या मुलांबरोबर वेचून खाल्ल्या. यॉर्कशरात या कण्यांना ‘स्क्रॅप्स’ म्हणतात. पुष्कळ दुकानांत त्या फुकट मिळतात.

एखादा काप उरलाच तर फ्रिजमध्ये ठेवावा आणि शनिवारी गारच खावा. कवच मऊ पडलेले असते, पण माशाची चव मुरते.