सुईला धरणारा: हेडशेलच्या साडेसहा दशकांचा मागोवा

काकांच्या टेबलाच्या खणात पत्र्याच्या दोन डब्या असत. एकीत चावीच्या ग्रामोफोनच्या पोलादी पिना, दुसरीत कापसात ठेवलेला एक हेडशेल. १९७८ साली, मी शाळेत असताना, त्यांनी तो पहिल्यांदा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘हा हलला तर गाणं हललं.’’ बोटभर लांबीचा अॅल्युमिनियमचा तुकडा, खाली दोन स्क्रूंनी बसवलेलं, सुई असलेलं कार्ट्रिज, मागे चार बारीक तारा. टर्नटेबलच्या हलत्या दांड्याच्या, म्हणजे टोनआर्मच्या, टोकाला हा तुकडा बसतो आणि सुईला रेकॉर्डवर धरून ठेवतो. ‘चांगला हेडशेल कुठला?’ हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. गेल्या पासष्ट-सहासष्ट वर्षांत त्याचं उत्तर अनेकदा बदललं.

चावीच्या ग्रामोफोनला हा प्रश्न पडलाच नव्हता. जड साउंड बॉक्स, त्यात पोलादी पिन, आणि प्रत्येक बाजूनंतर पिन बदलायची. खरी निकड आली ती स्टिरिओमुळे. १९५८ साली स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरल्या जाऊ लागल्या आणि सुईकडून चार तारा निघाल्या. त्या जोडणारा आणि सहज सुटणारा एखादा सांधा हवा होता. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, इंग्लंडमधल्या एसएमई या कंपनीच्या अॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी स्वतःच्या वापरासाठी एक टोनआर्म बनवला. ऐकणाऱ्यांना तो इतका आवडला की छोट्या प्रतिकृती बनवणारी ती कंपनी टोनआर्मची होऊन गेली. चार पिनांचा, खोबणीत घालून कडं फिरवलं की घट्ट बसणारा हेडशेल या आर्मवर होता. जपानी कंपन्यांनीही तीच जोडणी उचलली. आजही त्या सांध्याला ‘एसएमई जोडणी’ म्हणतात, आणि साठ वर्षांपूर्वीचा हेडशेल आजच्या अनेक आर्मवर बसतो.

त्याच सुमारास डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनने एसपीयू हे कार्ट्रिज काढलं. त्यात हेडशेल आणि कार्ट्रिज एकच, आणि वजन तीस ग्रॅमच्या आसपास. सुई ताठ, रेकॉर्डवर तिचा भार तीन-चार ग्रॅम. अशा सुईला जड डोकंच हवं असतं, नाहीतर ती आर्मलाच ढकलू लागते. म्हणून त्या काळात जड हेडशेल योग्य होता.

सत्तरच्या दशकात वारं उलटं फिरलं. शूर कंपनीचं व्ही १५ टाइप ३ हे कार्ट्रिज १९७३ साली आलं. त्याची सुई इतकी लवचिक की एक ग्रॅमच्या आसपासचा भार तिला पुरे. अशा सुईवर जड डोकं लादलं तर ती झोके घेऊ लागते. मग हेडशेलला भोकं पाडली गेली, पत्रा पातळ झाला, ग्रॅम-ग्रॅम वाचवला गेला. एसएमईने तर वजन कमी करण्यासाठी काही आर्मवरून सुटणारा हेडशेलच काढून टाकला. काकांचा तो भोकांचा अॅल्युमिनियमचा तुकडा याच काळातला.

या दोन टोकांमागे एकच गणित आहे. आर्म, हेडशेल, कार्ट्रिज यांचं वजन आणि सुईची लवचिकता मिळून एक स्वाभाविक कंपन ठरतं. ते सेकंदाला आठ ते बारा वेळा, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झ असावं. त्याहून खाली गेलं तर वाकड्या रेकॉर्डचे चढउतार आर्मला नाचवतात. फार वर गेलं तर ते संगीताच्या खर्जाला भिडतं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नव्वदच्या दशकात लोक टर्नटेबल विकून टाकत होते, तेव्हा मी एक जुनं घेतलं. आर्मचं सुईला जाणवणारं परिणामी वजन, सोबतच्या साडेसात ग्रॅमच्या हेडशेलसकट, १२ ग्रॅम. कार्ट्रिज लवचिक सुईचं, स्क्रूंसकट सात ग्रॅम. कंपन ८ हर्ट्झच्या जरा वर, म्हणजे ठीक. पण ‘जड तेवढं भक्कम’ असं कुणीतरी सांगितलं आणि मी १८ ग्रॅमचा जाड धातूचा हेडशेल बसवला. कंपन साडेसहावर घसरलं. उन्हाने किंचित वाकलेली रेकॉर्ड लावली की स्पीकरचा पडदा डोळ्यांना दिसेल इतका पुढेमागे होई, आणि तानपुऱ्याचा अखंड सूर थरथरे. हेडशेल सुरेख होता, पण त्या सुईसाठी नव्हता. पुढे तोच हेडशेल मी एका ताठ सुईच्या कार्ट्रिजला लावला, आणि तिथे तो आजही उत्तम चालतो.

जपानला ही जोडी जमवण्याची बाब फार आधी उमगली होती. साठच्या दशकात एनएचके या तिथल्या प्रसारण संस्थेसाठी घडवलेलं डेनॉनचं डीएल-१०३ हे कार्ट्रिज आजही मिळतं. साडेआठ ग्रॅम वजन, ताठ सुई. अशा कार्ट्रिजसाठी तिथे मॅग्नेशियमचे, आबनुसाचे, कार्बन फायबरचे हेडशेल बनत गेले. साहित्यामुळे आवाजात फरक पडतो, पण तो वजनाचा मेळ बसल्यानंतरचा फरक.

ऐंशीच्या दशकात तिसरं उत्तर आलं: हेडशेलच नको. प्रत्येक सांध्यात कंपन अडतं, म्हणून आर्म आणि डोकं एकसंध असावं. रेगाचा आरबी ३०० हा आर्म १९८३ साली एकाच ओतकामातून आला. त्याच दशकात, ज्या एसएमईने सुटणारा हेडशेल रूढ केला त्याच कंपनीने मॅग्नेशियमचा एकसंध ‘सिरीज पाच’ आणला. तर्क खरा होता आणि आवाजही उत्तम होता. पण तोवर जगात सीडी आली होती, आपल्याकडे तर त्याआधीच कॅसेटने रेकॉर्डला बाजूला सारलं होतं. सुटणारा हेडशेल जिवंत ठेवला तो डीजेंनी. टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके २ हे १९७९ सालचं टर्नटेबल त्यांच्या हाती होतं, आणि सुई खराब झाली की क्षणात डोकं बदलता येणं ही त्यांची गरज होती. टेक्निक्सने २०१० साली ते बंद केलं, २०१६ साली पुन्हा आणलं, तेव्हा तोच सांधा जसाच्या तसा होता.

मला मात्र त्या सांध्याची किंमत आपल्या घरांमुळे कळली. मराठी घरातला रेकॉर्डसंग्रह एका जातीचा नसतो. एका कपाटात किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी, खालच्या कप्प्यात बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या लाखेच्या तबकड्या. एलपीची सुई टोकाशी सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची, ७८ वेगाच्या तबकडीला हवी सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाशी जाऊन बसते आणि साठलेली धूळच वाजवते. ७८ चा वेग असलेलं टर्नटेबल आणि दोन वेगवेगळ्या सुयांचे दोन हेडशेल असले की एकाच आर्मवर दोन्ही काळ ऐकता येतात. एकसंध आर्मवर हे दरवेळी स्क्रू उघडून करावं लागतं. म्हणून, सांध्याचा दोष मान्य करूनही, आपल्यासाठी मी सुटणाऱ्या हेडशेलच्याच बाजूने आहे.

आज हेडशेल हातात घेतला की मी ठरावीक गोष्टी पाहतो. आर्ममध्ये बसवून कडं आवळल्यावर तो अजिबात हलू नये. पाठ सपाट असावी, म्हणजे कार्ट्रिज पूर्ण टेकतं. स्क्रूंसाठी साध्या भोकांऐवजी लांबट खाचा असाव्यात, कारण सुई पुढेमागे सरकवून जागेवर आणावी लागते. टेक्निक्सच्या आर्मवर कड्यापासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. डावी-उजवीकडे किंचित कलवता आला तर सुई रेकॉर्डवर ताठ उभी करता येते. तारांचे रंग ठरलेले: पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या, लाल आणि हिरवी उजव्या. त्या चिमट्याने सरकवाव्यात. कार्ट्रिजच्या पिनेला डाख कधीही देऊ नये, आतली गुंडाळी जळते. आणि दोन हेडशेल ठेवणार असाल तर कार्ट्रिजसकट त्यांचं वजन शक्य तितकं सारखं करावं, म्हणजे बदलताना आर्ममागचं काउंटरवेट फारसं हलवावं लागत नाही.

माझी पुतणी नुकतीच टर्नटेबल घेऊन आली आणि तिने विचारलं, ‘‘काका, सगळ्यात चांगला हेडशेल कुठला?’’ मी तिला विचारलं, ‘‘कार्ट्रिज कुठलं आहे? आणि तू ऐकणार काय आहेस?’’ तिने दोन्ही सांगितलं. मग आम्ही वजनकाटा काढला.