आलिशान मोटारीची दुसरी मालकी : मर्सिडीज एसएल आर-१२९

उघडमिट छताच्या क्रीडा-मोटारींमध्ये मर्सिडीज-बेंझच्या ‘एसएल’ घराण्याचे स्थान मानाचे आहे. १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘३०० एसएल’ सादर झाली आणि पंखांसारखी वर उघडणारी तिची दारे जगभर गाजली. तिची उघड्या छताची आवृत्ती १९५७ मध्ये आली. त्यानंतर १९६३ ची ‘पगोडा’, १९७१ ची आर-१०७ आणि मार्च १९८९ मध्ये जिनिव्हा येथे सादर झालेली आर-१२९ असा हा वंशविस्तार आहे. आर-१२९ चे बाह्यरूप ब्रुनो साक्को यांच्या नेतृत्वाखाली ठरले. जर्मनीतील ब्रेमेनच्या कारखान्यात २००१ पर्यंत या मालिकेच्या २,०४,९४० गाड्या तयार झाल्या. सुरुवातीला मागणी इतकी होती की नव्या गाडीसाठी ग्राहकांना काही वर्षे थांबावे लागे. ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांनी १९९१ मध्ये यातलीच एक ५०० एसएल भाड्याने घेतली, तेव्हा परदेशी गाडी वापरल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली होती.

जुनी एसएल घेऊ पाहणाऱ्याने नेमके आर-१२९ कडेच का वळावे? पगोडा आणि तिच्या आधीच्या गाड्या आता संग्राहकांच्या तिजोरीतल्या वस्तू झाल्या आहेत. आर-१२९ नंतर आलेल्या आर-२३० मध्ये धातूचे घडीचे छत, विद्युत-नियंत्रित ब्रेक आणि द्रवदाबावर चालणारे सस्पेन्शन अशी बरीच गुंतागुंत एकवटली आहे. आर-१२९ या दोहोंच्या मधली आहे. तीही साधी नाही, पण जाणत्या मेकॅनिकच्या आवाक्यात आहे. मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. वर्षांबरोबर गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. स्वस्तात मिळालेली ५०० एसएल गॅरेजमध्ये मात्र ५०० एसएलच्याच भावाने दुरुस्त होते.

आर-१२९ चे प्रकारभेद इंजिनावरून ठरतात. आरंभीच्या ३०० एसएलमध्ये सहा सिलिंडरचे १९० अश्वशक्तीचे इंजिन होते, तर ३००-२४ मध्ये चोवीस झडपांचे, २३१ अश्वशक्तीचे. ५०० एसएलचे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन ३२६ अश्वशक्ती देई. १९९२ मध्ये बारा सिलिंडरची ६०० एसएल आली. तिचे ३९४ अश्वशक्तीचे इंजिन पुढे इटलीच्या पागानी झोंडा या दुर्मीळ मोटारीतही बसवले गेले. १९९३ मध्ये नावे उलटली: अक्षरे आधी, आकडा नंतर. तेव्हापासून एसएल २८०, एसएल ३२०, एसएल ५०० अशी नावे रूढ झाली. १९९८ मध्ये व्ही-६ आणि नवे ३०६ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आले. बारा सिलिंडरचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढे वजन आणि एवढा खर्च सोसून रोजच्या रस्त्यावर मिळणारे सुख एसएल ५०० पेक्षा फारसे अधिक नाही.

इंजिने सहसा दणकट आहेत. धोका त्यांच्या तारांमध्ये आहे. साधारण १९९२ ते १९९५-९६ या काळातल्या अनेक गाड्यांत इंजिनाच्या तारांवर पर्यावरणस्नेही, विघटनशील वेष्टन वापरले गेले. इंजिनाच्या उष्णतेने ते कालांतराने ठिसूळ होते, बोट लावले तरी पापुद्रे गळतात आणि आतले तांबे उघडे पडते. मग गाडी कधी धडधडते, कधी चालता चालता दम तोडते, आणि मालक भलतेच भाग बदलत बसतो. म्हणून या काळातली गाडी पाहताना पहिला प्रश्न एकच: तारांचा संच बदलला आहे का? होकारार्थी उत्तराला गॅरेजच्या पावतीचा आधार हवा.

या गाडीचे खरे वैभव तिचे छत, आणि खरी परीक्षाही तिथेच होते. चालकाशेजारच्या कळीवर बोट दाबून धरले की काचा खाली उतरतात, कापडी छताची मागची कमान वर उचलली जाते, आसनांमागचे झाकण उघडते, पुढच्या काचेच्या चौकटीतले आकडे सुटतात, छत घडी होऊन मागच्या कप्प्यात निजते आणि झाकण मिटते. हा सारा सोहळा साधारण ३० सेकंदांत आटोपतो. यामागे डिकीतला तेलाचा पंप, डझनभर द्रवदाब-सिलिंडर आणि प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याची वर्दी देणारे स्विच असतात. एका स्विचने वर्दी दिली नाही, तर छत ना उघडे ना मिटलेले असे मध्येच थबकते.

सिलिंडरांमधली रबरी-प्लॅस्टिकची सीले वयोमानाने झिजतात. सर्वांत कुप्रसिद्ध गळती पुढच्या चौकटीतल्या सिलिंडरांची. तिथले तेल सूर्यझडपेवर आणि कधी थेट चालकाच्या डोक्यावर ठिबकते. गाडी पाहताना ही सूर्यझडप खाली ओढून तिच्या मुळाशी बोट फिरवावे; ओशट लागले तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करावीत. सिलिंडर काढून नवी सीले बसवून देणारे कारागीर युरोप-अमेरिकेत आहेत, त्यामुळे हा दोष असाध्य नाही.

हिवाळ्यासाठी अॅल्युमिनियमचे वेगळे टणक छतही गाडीबरोबर येते. ते काढायला दोन माणसे लागतात आणि विक्रेते बहुधा ते बसवूनच गाडी दाखवतात. ते काढायला लावावे. खालचे कापड कित्येक वर्षे कुणी उलगडलेलेही नसते. त्यातल्या प्लॅस्टिकच्या मागील काचा पिवळ्या पडलेल्या किंवा थंडीत घडी केल्याने चिरलेल्या सापडतात. आसनांमागची संरक्षक कमान गाडी उलटू लागताच ०.३ सेकंदांत आपोआप उभी राहते. कळ दाबून तीही वर-खाली करून पाहावी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. सांगाडा-क्रमांकात ‘डब्ल्यूडीबी १२९’ नंतर येणारे तीन अंक कोणते इंजिन कारखान्यात बसले होते ते सांगतात. उदाहरणार्थ, ०६६ म्हणजे आरंभीची ५०० एसएल. मूळ रंग आणि जादा सोयी कारखान्याच्या नोंदपत्रावर सापडतात. सर्व्हिसच्या पुस्तिकेतले शिक्के आणि जर्मनीतल्या दर दोन वर्षांच्या सक्तीच्या तपासणीचे जुने अहवाल समोर ठेवले, की धावलेल्या किलोमीटरचा आकडा खरा की मागे फिरवलेला, हे ताडता येते.

भारतात ही गाडी परदेशातून आणणे जवळजवळ अशक्य आहे. आयातीच्या नियमांनुसार वापरलेली मोटार ३ वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते, आणि ती उतरवायची तर मुंबई बंदरातच. त्यामुळे इथल्या हौशी माणसाला देशात पूर्वीच आलेल्या मोजक्या गाड्यांवर नजर ठेवावी लागते. जर्मनीत स्थिरावलेल्या मराठी माणसाची गोष्ट वेगळी. तिथे ३० वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ पाटी मिळू शकते. तिच्यावरचा वार्षिक कर इंजिन कितीही मोठे असले तरी एकच, १९१.७३ युरो असतो. ठरावीक महिन्यांपुरती हंगामी नोंदणीही करता येते. एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, उरलेले महिने गॅरेजात, ही तिथली सर्रास पद्धत. खरेदी शक्यतो नोव्हेंबरनंतर करावी. पावसाळी थंडीत उघड्या छताच्या गाडीला गिऱ्हाईक कमी असते आणि विक्रेत्याला तिच्यासाठी आणखी एक हिवाळा भाड्याची जागा शोधायची नसते.