टॉलपडलचे लॉज

लॉज म्हटले की आपल्याला उतारूंची खोली आठवते. जुन्या इंग्रज कामगारांत तो शब्द बंधुसंघाच्या गावशाखेला होता. इंग्लंडात डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावी शेतमजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ७ वर उतरली, तेव्हा १८३३ साली त्यांनी असे लॉज काढले. प्रवेश फी १ शिलिंग, वर्गणी आठवड्याला १ पेनी. पदाधिकारी मात्र पाहा: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि दाराच्या आत एक व बाहेर एक राखणदार! हसू नका. पावतीपुस्तक घेऊन मी चाळी पालथ्या घातल्या आहेत. बाहेरच्या राखणदाराची किंमत मला ठाऊक आहे.

नव्या सभासदाचे डोळे बांधीत आणि सांगाड्याच्या चित्रापुढे शपथ देत. संघटना करणे १८२४ पासून गुन्हा नव्हता. म्हणून सरकारने आरमारातील बंडावरून केलेला १७९७ चा शपथबंदीचा कायदा उकरून काढला. मार्च १८३४ मध्ये जॉर्ज लव्हलेससह सहा जणांना ७ वर्षे ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोकांनी रान उठविले, तेव्हा १८३६ मध्ये माफी मिळाली.

सहांपैकी जेम्स हॅमेट त्या शपथविधीला हजरच नव्हता, हजर होता त्याचा भाऊ, असे मानतात. हॅमेट बोलला नाही. बाकीचे पाच पुढे कॅनडात गेले. तो गावी राहिला आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या सरकारी दरिद्राश्रमात वारला.