गढ्याचे गड आणि तलाव

जबलपुरात अधारताल, राणीताल आणि चेरीताल ही नावे पावलोपावली ऐकू येतात. तिथले लोक सांगतात, अधारताल बांधला दिवाण अधारसिंह कायस्थाने, राणीताल राणी दुर्गावतीने आणि चेरीताल तिच्या दासीने. राणीच्या तलावाशेजारी दासीचाही तलाव लोकांनी इतकी शतके लक्षात ठेवला. त्या राज्याची ओळख करून घ्यायला मला एवढी गोष्ट पुरेशी वाटते.

हे राज्य गढा-मंडल्याच्या गोंडांचे. त्याचे गढा हे ठाणे आता जबलपूर शहरातच सामावले आहे. जवळच्या टेकडीवर एका अजस्र खडकाच्या माथ्यावर मदनमहाल उभा आहे. म्हणायला महाल, पण आत शिरले की जेमतेम दोन-चार खोल्या. टेहळणीची चौकीच ती. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रामशाहाने या राज्याचा विस्तार 52 गडांपर्यंत नेला. एकेका गडाखाली शेकडो गावे असत. संग्रामशाहाची सून दुर्गावती मूळची चंदेलांची लेक. पती दलपतशाह वारल्यावर लहानग्या वीरनारायणाच्या नावाने तिने सुमारे 14 वर्षे राज्य चालवले. मुघल दरबारचा इतिहासकार अबुल फझल याने नोंदवले आहे की हजारो गावांत तिचे शिकदार, म्हणजे कारभारी, होते, बाकीची गावे तिथले मुखियाच सांभाळत. शत्रूच्या दरबारातल्या माणसाची ही साक्ष आहे, म्हणून ती मोलाची.

24 जून 1564 रोजी मुघल सरदार आसफखान याच्या फौजेशी लढताना बाण लागून घायाळ झालेल्या राणीने बरेल्याजवळच्या नर्रई नाल्यापाशी स्वतःच्या हाताने प्राण दिले. हा प्रसंग जबलपुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतो. तिच्या नावाने विद्यापीठ आहे, संग्रहालय आहे. तिच्या कारभाराबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही, याची मला खंत वाटते.

मराठी वाचकाने पुढचा भागही नीट वाचायला हवा. 1742 मध्ये पेशवा बाळाजी बाजीरावाने मंडल्यावर चाल केली, त्यात राजा महाराजशाह मारला गेला आणि गादीवर चौथाईचा बोजा बसला. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी राज्यच खालसा केले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे आणि त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेले. आपल्या इतिहासात हे दोन ओळींत उरकले जाते. गोंडांच्या घरी तो राज्य गेल्याचा दिवस आहे. त्याच घराण्यातले शंकरशाह आणि पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी 18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले.

राज्य गेले तरी काही लोकांकडे स्वतःचा कारभार उरतो. अमेरिकेतल्या नावाहो या मूळनिवासी लोकांना विंडो रॉक या राजधानीत स्वतःची विधानपरिषद आहे, स्वतःची न्यायालये आहेत. गोंडांकडे तसे काही उरले नाही. आहे तो अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा, आणि मध्य प्रदेशात त्याचे नियम यायला 15 नोव्हेंबर 2022 उजाडले. मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. तिथल्या ग्रामसभांना आता गौण वनोपज, जमीन आणि गावच्या तलावांबाबत बोलण्याचा हक्क आहे. तलाव कुणी उपसायचा, मासे कुणी धरायचे, पाणी आधी कोणत्या शेताला द्यायचे, हे गावाने बसून ठरवायचे. गोंड गावांत वडीलधाऱ्यांनी झाडाखाली बसून तंटे मिटवण्याची रीत जुनीच आहे. कायद्याने तिला उशिरा कागद दिला. पटवारी आणि वनखाते त्या कागदाला किती मान देतात, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

शहरात मात्र राणीतालच्या जागी आज क्रीडासंकुल आहे आणि चेरीतालवर वस्ती झाली आहे. अधारतालात अजून पाणी आहे.